दाराच्या बिजागरीवरची गोगलगाय

मामाला एकच वाक्य होतं. तेही तिसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी, पडदा पडायच्या आधी. त्या एका वाक्यासाठी तो तीस वर्षं थांबला होता, आणि मी ते त्याच्या तोंडातून काढून घेतलं. कसं, ते सांगते. मध्ये कुणी शहाणपणा शिकवायचा नाही, मी आधीच वैतागलेली आहे.

माझा मामा एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवायची आणि रंगमंचावर कुणी वाक्य विसरलं की ते कुजबुजत पुरवायचं. राजाची वाक्यं त्याला पाठ, राणीची पाठ, खुनी माणसाचीही पाठ. कंपनीत लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणतात. माझी आई त्याची थोरली बहीण. ती म्हणते, "तीस वर्षं नाटकात आहे म्हणतो, पण मी अजून याचं नाकसुद्धा स्टेजवर बघितलेलं नाही."

तर एका मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला. मी कामात होते.

"ठमे, बसली आहेस का?"

"मी बसूनच काम करते, मामा."

"मग उभी राहा. मला भूमिका मिळाली!"

मी खरंच उभी राहिले. इतक्या झटक्यात, की खुर्ची मागच्या मागे आडवी झाली. झालं होतं असं, की नव्या नाटकात पोस्टमन करणारा नट दाढीच्या साबणाच्या जाहिरातीत काम मिळालं म्हणून पळाला, आणि दिग्दर्शक मास्तरांना ऐन वेळी दुसरं कुणी सापडेना. नाटक साधं होतं. एक कुटुंब बारा वर्षं एका पत्राची वाट बघतंय. पत्र भलत्याच पत्त्यावर फिरतंय. तीन अंक सगळे रडतात, भांडतात, एकमेकांना दोष देतात, आणि शेवटी दारावर टकटक होते. पोस्टमन आत येतो, पत्र देतो आणि म्हणतो, "बारा वर्षं पत्ता चुकला, पण पत्र तुमचंच आहे." पडदा.

मामानं ते वाक्य मला फोनवर सात प्रकारांनी म्हणून दाखवलं. एकदा 'बारा' वर जोर देऊन, एकदा 'तुमचंच' वर, एकदा मध्येच खोकून. "खोकला कसा वाटतो? माणूस दमून आलाय ना," तो म्हणाला. मी म्हटलं, खोकू नकोस. मग त्यानं आईला फोन केला, आणि आईनं पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखून ठेवायला सांगितली.

आता माझ्या पापाकडे येते.

मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते, आणि त्या मंगळवारी मी नेमकं या कंपनीचंच काम करत होते. कंपनी गावोगाव फिरते. प्रत्येक गावात नाटकाचं घर उभं करायचं, प्रयोग झाले की सुटं करून ट्रकमध्ये भरायचं, पुढच्या गावात पुन्हा जुळवायचं. भिंती, खिडक्या, जिने, सगळं. हे सगळं सुतारकाकांच्या डोक्यात. ते प्रत्येक तुकड्यावर खडूनं खुणा करायचे, आणि त्या खुणा फक्त त्यांनाच कळायच्या. मागच्या दौऱ्यात त्यांची कंबर धरली, ते पंधरा दिवस पालथे पडून राहिले, आणि बाकीच्यांनी पलंगाची पाठ बागेचं फाटक म्हणून लावली. नायक चार प्रयोग पलंगातून बागेत जात होता. मास्तर मला म्हणाले, "यंत्रात घाला सगळं. माणसाची कंबर धरते, यंत्राला कंबरच नाही."

मी टाइपस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिते. त्यात प्रत्येक वस्तूची जात आधी ठरवावी लागते. दार म्हणजे काय, त्याला उंची असते, रुंदी असते, बिजागरी असते. बिजागरी म्हणजे काय, ती कुठल्या बाजूला असते आणि स्वतःला कसं लावून घ्यायचं हे तिला माहीत असतं. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत सगळं झकास. पण एका गावातलं घर पुढच्या गावात न्यायचं तर ते फाईलमध्ये साध्या मजकुराच्या रूपात लिहून काढावं लागतं. याला सीरियलाइझ करणं म्हणतात. आणि या मजकुरात उरतं काय? नाव आणि मापं. दार, उंची सात फूट, बिजागरी डावीकडे. ती वस्तू जातीनं कोण आणि तिला काय काय करता येतं, ते सगळं गळून पडतं. पुढच्या गावात फाईल वाचून वस्तू पुन्हा उभ्या करायच्या, ते डीसीरियलाइझ. तेव्हा प्रोग्रॅमला कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा रे, ही नुसती अक्षरं नाहीत, ही बिजागरी आहे, तिला बिजागरीसारखं वागव.

ते सांगायचं काम डेकोरेटर करतो. डेकोरेटर म्हणजे प्रत्येक ओळीच्या डोक्यावर लावलेली चिठ्ठी. तिच्या सुरुवातीला ते शेपटीचं वेटोळं घातलेलं चिन्ह असतं, ईमेलच्या पत्त्यात असतं तेच. मला सगळ्या वस्तूंना मिळून त्रेचाळीस चिठ्ठ्या लावायच्या होत्या. मी बेचाळीस लावल्या.

आणि टाइपस्क्रिप्टनं एका शब्दानं सांगितलं नाही! एरवी लिहिताना ते शेजारच्या काकूंसारखं डोक्यावर बसून असतं. इथे स्वल्पविराम कुठाय, तिथे हे असं का. पण प्रोग्रॅम चालायला लागला की काकू दार लावून घरात गायब. घरी मी चाचणी घेतली तेव्हा दार फाईलमध्ये लिहून परत वाचलंच नव्हतं, त्यामुळे सगळं बरोबर छापून आलं. वर मी शहाणपणा करून ठेवला होता. प्रोग्रॅम कुठेही अडू नये म्हणून लिहून ठेवलं होतं, की ज्याला बिजागरी नाही त्याला साधी फळी समज आणि पक्कं ठोकायला सांग. स्वतःच्या या दूरदृष्टीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

सुतारकाकांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होतं. ते मला 'कॉम्प्युटरबाई' म्हणायचे आणि म्हणताना मुद्दाम खांद्यावरून मागे बघायचे, जणू ती बाई मागे कुठेतरी उभी आहे. नव्या गावात पोचल्यावर मास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांना तंबी दिली. "कागदावर जे छापून येईल तेच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. खडू तर अजिबात काढायचा नाही."

"अजिबात नाही काढत," सुतारकाका म्हणाले. तो आवाज ऐकूनच मला कळायला हवं होतं.

ट्रक उशिरा आला. प्रयोग दुपारी चारचा, आणि दीड वाजता भिंती अजून ट्रकमध्ये. कागद छापले गेले, ठोकाठोक झाली, तीनला मास्तरांनी घाईघाईनं दिवे बघितले. दार कुणी उघडून बघितलं नाही. ते एकच खरं दार होतं आणि तीन अंकांत एकदाच उघडायचं होतं. बाकी मंडळी डावीकडच्या पॅसेजमधून ये-जा करायची. दाराला पत्र टाकायची एक खरीखुरी फटसुद्धा होती. सुतारकाकांनी हौसेनं कोरली होती. फट असताना पोस्टमन आत कशाला येतो, हे लेखकाला कुणी विचारलं नव्हतं.

मामा दोन वाजल्यापासून तयार. खाकी कोट, टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीत नुसतं एक पत्र ठेवलं तर चालताना ती खोटी वाटते म्हणून त्यानं आत एक पाटा भरला होता. म्हणजे खरोखरचा दगड.

"मामा, खांदा निखळेल."

"पोस्टमनचा खांदा निखळलेलाच असतो," तो म्हणाला आणि टोपी पुन्हा तिरकी केली.

पहिले दोन अंक तो त्याच वेषात स्टुलावर बसून इतरांना वाक्यं पुरवत होता. शेवटच्या दहा मिनिटांना त्यानं वही माझ्या हातात दिली. त्याला मागून वळसा घालून दाराच्या पलीकडे जायचं होतं आणि त्याच्या जागेवर मी बसणार, असं ठरलं होतं. "काही लागणार नाही गं," तो म्हणाला, "ताईंना आज सगळं पाठ आहे." ताई म्हणजे कंपनीतल्या मुख्य नटी. मग तो अंधारात गेला. पाट्याचा आवाज येत होता, डब डब डब.

विंगेच्या फटीतून मला आई दिसत होती. पहिली रांग, मधली खुर्ची, मांडीवर थर्मास.

टकटक झाली. नायक दचकला, अगदी छान दचकला. "उघडंच आहे! या!"

मूठ फिरली. दार हललं नाही.

मूठ पुन्हा फिरली. मग पलीकडून खांद्याचा धक्का बसला, आणि दाराऐवजी सगळी भिंत हलली. भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीनं मान कलती केली. "जोर लावा!" नायक म्हणाला. हे नाटकात नव्हतं. पलीकडून जोर लागला. आजोबा खाली पडले.

समोरच्या विंगेत सुतारकाका हाताची घडी घालून उभे होते. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. अचानक ते उतरलं, कारण दारामागे खाकी टोपी वरखाली होताना त्यांना दिसली. सुतारकाका आणि मामा प्रत्येक दौऱ्यात एका खोलीत झोपतात. एकमेकांचं घोरणं ऐकल्याशिवाय दोघांना झोप लागत नाही. पण सुतारकाका लाकूड बघतात, नाटक बघत नाहीत. मामाला भूमिका मिळाली एवढं त्यांनी ऐकलं होतं, पण तो त्याच दारातून येणार, हे त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं.

प्रेक्षकांत खसखस सुरू झाली. ताई दाराशी गेल्या. फटीतून एक पत्र सर्रकन आत आलं. आणि त्यापाठोपाठ, मी माझ्या कानांनी ऐकली, मामाची कुजबुज आली. रंगमंचावर शांतता पसरलीय, कुणालातरी वाक्य हवंय, एवढंच त्याला कळलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं ते पुरवलं. स्वतःचंच!

ताईंनी पत्र छातीशी धरलं, प्रेक्षकांकडे वळल्या आणि भरल्या गळ्यानं म्हणाल्या, "बारा वर्षं पत्ता चुकला, पण पत्र आपलंच आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडला. आई टाळ्या वाजवत नव्हती. मागे वळून दाराकडे बघत होती, नाट्यगृहाच्या दाराकडे, कदाचित तिथून येईल म्हणून.

मामा वळसा घालून आला. "छान झालं ना?" तो म्हणाला. "ताईंनी वाक्य किती अचूक उचललं. एक अक्षर गाळलं नाही." मग स्टुलावर बसला, टोपी काढली आणि ती गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मला हुंदका आला आणि तो रागाच्या रूपात बाहेर पडला. मी तडक सुतारकाकांना गाठलं.

"ते दार आहे हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं ना."

"मग ठोकलंत कशाला?"

त्यांनी खिशातून कागद काढला. माझाच. 'वस्तू: दार. बिजागरी आढळली नाही. फळी समजून चौकटीत चारही बाजूंनी पक्कं ठोका.' खाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बावीस खिळे.'

"आणि मूठ? दाराची मूठ लावताना पण काही वाटलं नाही?"

"मुठीचा कागद वेगळा होता. त्याप्रमाणे मूठ लावली. मला डोकं चालवायला मनाई आहे." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा आवाज फाटला. "मला काय माहीत हो, दारामागे आपला मामा आहे ते."

भांडायला तोंड दोघांनाही नव्हतं.

यावर कडी मास्तरांनी केली. ते हात चोळत आले. "काय टाळ्या पडल्या! पोस्टमनपेक्षा हेच भारी. बंद दार, फटीतून आलेलं पत्र, ताईंचं वाक्य! उद्यापासून असंच ठेवू. पोस्टमन कापला." मामाकडे बघून म्हणाले, "तुम्हाला राग नाही ना, मामा? तुमची ती फटीतली कल्पना फारच छान होती."

"छे, छे, राग कसला," मामा म्हणाला. त्यानं पिशवीतून पाटा काढला आणि हळूच भिंतीशी टेकवून ठेवला.

त्या गावात दोनच प्रयोग होते. त्यानंतर कंपनी दुसरं नाटक घेणार होती, ज्यात पोस्टमन नव्हता आणि दारही नव्हतं, एक होडी होती. म्हणजे जे काय व्हायचं ते उद्याच.

मी रंगपटात लॅपटॉप उघडून बसले. आरशासमोर, दोन विगांच्या मध्ये. ओळीमागून ओळी बघत होते आणि मला काही सापडत नव्हतं, कारण राग आला की मला अक्षरंच दिसत नाहीत. मामा मागे येऊन उभा राहिला.

"हे काय असतं?"

"ह्या वस्तू. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ही चिठ्ठी."

"ही गोगलगाय?"

"कुठली गोगलगाय?"

त्यानं बोट लावून ते वेटोळं चिन्ह दाखवलं. खरंच गोगलगाय दिसत होती. मग तो वहीतली वाक्यं बघतो तसं, बोट खाली खाली सरकवत वाचायला लागला. वस्तूंची नावं तेवढी मी मराठीत लिहिली होती, बाकी एक अक्षर कळत नव्हतं त्याला त्यातलं. "खिडकीवर आहे. जिन्यावर आहे. दार... उंचीवर आहे, रुंदीवर आहे." बोट थांबलं. "हिच्या डोक्यावर नाही गं, ठमे."

बिजागरी. उघडी, बोडकी, चिठ्ठीशिवाय.

तीस वर्षं दुसऱ्यांची गाळलेली वाक्यं पकडणारे डोळे ते. मी कपाळावर हात मारून घेतला. ही ओळ मी कधी लिहिली ते प्रोग्रॅमच्या नोंदीत होतंच. बघितलं. मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मग फोनमधला कॉल बघितला. मामाचा. अकरा दहा. मी बिजागरीपाशी आले, चिठ्ठी लावणार एवढ्यात तो म्हणाला, मग उभी राहा. आणि मी उभी राहिले, आणि परत बसले ती पुढच्या ओळीवर.

हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. त्याच्याच आनंदानं त्याचं दार ठोकलं गेलं, हे एखाद्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

मी चिठ्ठी लावली. या वेळी दार फाईलमध्ये लिहिलं, परत वाचलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. बिजागरी प्रत्येक वेळी बिजागरी म्हणूनच आली. मग मला माझ्या स्वभावाप्रमाणे आणखी राग आला आणि मी दाराला एक नवीन रकाना जोडला. त्याच्याही डोक्यावर गोगलगाय बसवली. कागद छापला आणि सुतारकाकांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर रंगमंचावर आले तेव्हा सुतारकाका दाराला तेल घालत होते.

"हे काय? खिळे काढले कुणी? मी सांगितलं ना, दार बंद राहणार!"

सुतारकाकांनी कागद पुढे केला. मास्तरांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं. "'वस्तू: दार. डावीकडे दोन बिजागऱ्या लावा. उघडून बघा. उघडलं पाहिजे. वापर: या दारातून पोस्टमन आत येतो.'"

"कागदावर आहे तेच करायचं," सुतारकाका म्हणाले. "स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तुमचाच हुकूम आहे, मास्तर."

"अहो, पण मीच आता सांगतोय ना!"

"तुम्ही काय, माणूस. तुम्हाला कंबर आहे," सुतारकाका म्हणाले आणि तेलाची बाटली पुन्हा बिजागरीवर उलटी केली. ताई बाजूला उभ्या राहून हसू दाबत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला ते वाक्य नकोच आहे. माझ्या तोंडी ते उसनं वाटतं." मास्तरांनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि हात टेकले.

चार वाजले. पहिली रांग, मधली खुर्ची, थर्मास. आई आदल्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलली नव्हती, फक्त सकाळी मामाचा कोट तिनं इस्त्री करून दिला होता.

तिसरा अंक. मामानं वही माझ्या हातात दिली. डब डब डब, पाटा पिशवीत परत आला होता.

टकटक करायला त्यानं हात उचलला असेल, पण सुतारकाकांनी तेल इतकं ओतलं होतं, की बोट लागताच दार सताड उघडलं. मामाची टकटक हवेत गेली आणि तिच्यामागून मामा आत आला, जरा धावतच. पाट्यानं त्याला आणखी दोन पावलं पुढे ओढलं. तो थेट दिव्याच्या झोतात येऊन थांबला. नायक "उघडंच आहे" म्हणायला तोंड उघडून तसाच राहिला, कारण ते आता सगळ्यांना दिसतच होतं.

प्रेक्षक हसले. मग गप्प झाले. पोस्टमन काहीतरी बोलणार म्हणून सगळे वाट बघायला लागले.

आणि मामा वाक्य विसरला.

ज्याला राजाची, राणीची, खुन्याची वाक्यं पाठ, त्याला स्वतःचं एक आठवेना. त्यानं सवयीनं विंगेकडे बघितलं, स्टुलाकडे. स्टुलावर मी. वही माझ्या मांडीवर, बोट वाक्यावर. मी कुजबुजले. म्हणजे मला वाटलं मी कुजबुजले. घशातून नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा जोर केला तर इतक्या मोठ्यानं "बारा" आलं, की तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं. कुजबुजणं हीसुद्धा विद्या आहे, हे मला तेव्हा कळलं.

"अरे, बोल ना!" हा आईचा आवाज. पहिल्या रांगेतून. सगळं नाट्यगृह हसलं. मला वाटलं, जमीन फाटून आम्हाला सगळ्यांना पोटात घेईल तर बरं.

ताई पुढे झाल्या. प्रेक्षकांकडे पाठ करून त्यांनी मामाच्या हातातलं पत्र घेतलं. ओठ हलले न हलले. काल फटीतून त्यानं त्यांना दिलेलं वाक्य त्यांनी त्याला परत दिलं. एक अक्षर गाळलं नाही, फक्त 'आपलंच' चं पुन्हा 'तुमचंच' केलं.

मामानं मान हलवली. घेतलं.

आणि तो बोलला. सात प्रकारांतला एकही प्रकार नाही. खोकला नाही. त्याला रंगमंचावर बोलायची एकच रीत ठाऊक होती, ती कुजबुजण्याची. तीस वर्षं घासून घासून त्यानं ती कुजबुज अशी केली होती, की जिथे पोचायची तिथे बरोबर पोचावी. काल ती फटीपलीकडे एका माणसापर्यंत गेली होती. आज ती शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली.

"बारा वर्षं पत्ता चुकला. पण पत्र तुमचंच आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हललंसुद्धा नाही. पडदा पडून जमिनीला टेकेपर्यंत नाट्यगृह तसंच राहिलं आणि मग असं काही उठलं, की भिंतीवरचे आजोबा पुन्हा खाली पडले. समोरच्या विंगेत सुतारकाका डोळे पुसत होते. मी बघतेय हे कळल्यावर ते भुशाचा दोष असल्याचं खुणेनं सांगायला लागले. त्या दिवशी त्यांनी करवत हातात धरली नव्हती.

आई मागे आली. मामासमोर उभी राहिली. त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, मग उगीचच पुन्हा बिघडवून पुन्हा नीट केली.

"ऐकू आलं?" मामानं विचारलं.

"आलं," आई म्हणाली. "तीस वर्षं हळू बोलत होतास, मला वाटलं बोलतच नाहीस." आणि थर्मासच्या झाकणात त्याला चहा ओतून दिला.

संध्याकाळी घर सुटं व्हायला लागलं. सुतारकाका एक एक तुकडा नाव सांगून मला दाखवत होते आणि मी तो फाईलमध्ये घालत होते. भिंत डावी. भिंत उजवी. जिना. दार, बिजागरीसकट. त्यांनी एकदाही खांद्यावरून मागे बघितलं नाही. शेवटी मामा आला, हातात खाकी टोपी घेऊन. पुढच्या नाटकात होडी आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"ही पण घाल यंत्रात," तो म्हणाला. "आणि डोक्यावर गोगलगाय बसव. नाहीतर उघडताना कुणी हिला पाण्याचं भांडं समजायचं."

मी टोपीला जात दिली. उंची घातली, घेर घातला, रंग घातला. प्रत्येकाच्या डोक्यावर गोगलगाय. शेवटी त्याच नव्या रकान्याशी थांबले. मामा माझ्या खांद्यावरून बघत होता, बोट तयार ठेवून.

'वापर,' मी लिहिलं, 'हिच्याखाली मामा असतो.'

त्यानं बोटानं एकदा वरपासून खालपर्यंत सगळं तपासलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "काही गाळलेलं नाहीस." मग टोपी माझ्या टेबलावर न ठेवता तशीच डोक्यावर चढवली आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.